वायफायचा एकांतरा

नाशकातल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याच्या शेडला हमखास एक काचेची केबिन असते. बाहेर व्हीएमसी मशीन चालू, आत एसी, टेबलावर लॅपटॉप, इन्स्पेक्शन रिपोर्टांचा गठ्ठा आणि गेल्या दसऱ्याचा वाळलेला हार. अशाच एका केबिनमध्ये मागच्या पावसाळ्यात दोन तास बसायचा योग आला. तक्रार साधी होती. चाकणच्या ग्राहकाशी ड्रॉइंगवर बोलणं चालू असताना शेठचा आवाज तुटायचा, पडद्यावरचा माणूस तोंड उघडं ठेवून गोठायचा आणि क्षणभरानं काहीच न झाल्यासारखा पुढे बोलायला लागायचा. "शंभर एमबीपीएसचं कनेक्शन आहे, तीनशेचं घेऊन टाकू का?" शेठनी विचारलं.

मी कमांडची काळी खिडकी उघडली आणि बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला नव्हे, समोर भिंतीवर लटकणाऱ्या राउटरलाच पिंग लावला, म्हणजे हाक मारून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजू लागलो. आकडे एकाखाली एक उतरू लागले: दोन मिलिसेकंद, दोन, तीन, दोन. मग एकदम चारशे दहा, दोनशे ऐंशी. पुन्हा दोन, तीन. मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. पुढचा झटका साधारण साठ सेकंदांनी आला. त्यापुढचाही तेवढ्याच अंतरानं.

जुने वैद्य तापाच्या रोग्याला आधी विचारायचे, की ताप येतो कधी? रोज, की एकाआड? एकाआड दिवस आला की एकांतरा, दोन दिवस सोडून आला की चौथरा. नाडी धरायच्या आधीच अर्धं निदान झालेलं असायचं. वायफायच्या झटक्यांचं अगदी तसंच आहे. झटका किती मोठा यापेक्षा तो कोणत्या वेळापत्रकानं येतो ते जास्त बोलकं असतं. आणि नेमकं तेच कुणी टिपून ठेवत नाही. सगळे पॅकेज वाढवतात. पॅकेज म्हणजे नळाची रुंदी. इथं नळ रुंद आहे, मधूनमधून कुणीतरी चावी बंद करतंय.

या एकाच तक्रारीत दोन वेगवेगळी दुखणी लपलेली असतात, ती आधी सोडवून घ्यावी लागतात. एकात डेटा हवेत किंवा राउटरवर अडतो. दुसऱ्यात हवेचा संबंधच नसतो; वायफाय कार्डाचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या प्रोसेसरलाच धरून ठेवतो. शेजारच्या सिडको वस्तीतल्या उत्तमनगरमधला एक मुलगा घरी भजनं रेकॉर्ड करतो. हार्मोनियम, माइक, छोटा ऑडिओ इंटरफेस. त्याच्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये कुठेतरी 'टक्' असा आवाज यायचा. त्यानं माइक बदलला, केबल बदलली, इन्व्हर्टरवर संशय घेतला. रेकॉर्डिंगला इंटरनेट लागतच नाही, त्यामुळे वायफायकडे बघायचं कारणच नव्हतं.

आत काय घडतं ते पाहू. कार्डाकडे काही आलं की ते प्रोसेसरची बेल वाजवतं. प्रोसेसर हातातलं काम टाकून दार उघडतो, निरोप घेतो आणि सविस्तर काम 'थोड्या वेळानं करतो' म्हणून बाजूला ठेवतो. विंडोजमध्ये या बाजूला ठेवलेल्या कामाला डीपीसी म्हणतात. गोम अशी, की हे काम सुरू झालं की त्या कोअरवर दुसऱ्या कुठल्याही प्रोग्रामला, अगदी आवाज हाताळणाऱ्या अत्यंत निकडीच्या प्रोग्रामलाही, शिरकाव नसतो. मायक्रोसॉफ्टनं ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना घालून दिलेली मर्यादा कडक आहे: बेल घेण्यात 25 मायक्रोसेकंद आणि मागाहूनच्या कामात 100 मायक्रोसेकंद यापेक्षा जास्त घालवू नका. आता आवाजाचं गणित बघा. सेकंदाला 48,000 नमुने आणि 256 नमुन्यांचा बफर धरला, तर हाताशी 5.3 मिलिसेकंदांची शिदोरी असते. ड्रायव्हरनं सहा मिलिसेकंद खाल्ले की शिदोरी संपली आणि ऐकणाऱ्याला टक् ऐकू आलं.

हे पकडायला लेटन्सीमॉन नावाचं साधन लोक वापरतात आणि ते चांगलं आहे. थेसिकॉनचं त्याआधीचं लोकप्रिय साधन मात्र विंडोज 8 पासून भरवशाचे आकडे देत नाही, तरी आजही कुणीतरी त्याचे स्क्रीनशॉट पाठवतंच. लेटन्सीमॉन वाचताना एक चूक सर्रास होते. यादीत सगळ्यात वर 'एनडिस' नावाची फाइल दिसते आणि लोक विंडोजला शिव्या घालतात. एनडिस हा विंडोजचा सगळ्या नेटवर्क कार्डांसाठीचा सामाईक मजला आहे, भांडण त्याच्या खोलीत दिसलं तरी भांडणारा भाडेकरू दुसराच असतो. खात्री करायची रीत सोपी आहे: डिव्हाइस मॅनेजरमध्ये जाऊन वायफाय कार्ड डिसेबल करा आणि पुन्हा मोजा. नुसता फ्लाइट मोड लावून भागत नाही. त्यानं रेडिओ गप्प बसतो, ड्रायव्हर मात्र जागाच राहू शकतो. भजनवाल्या मुलाच्या लॅपटॉपवर कार्ड डिसेबल करताच टक् थांबलं. ड्रायव्हर बदलून पाहिला, नवा आणि जुना दोन्ही. जुन्यावर बरंच सुधारलं. शेवटी त्यानं रेकॉर्डिंगच्या वेळी कार्ड बंद ठेवायची सवय लावून घेतली. अभियांत्रिकीच्या दृष्टीनं हा पराभव असेल, भजन स्वच्छ येतं.

नवा ड्रायव्हर म्हणजे चांगला ड्रायव्हर, हे गृहीतक या क्षेत्रात मी केव्हाच सोडलं. विंडोज अपडेटनं गुपचूप टाकलेला, लॅपटॉप बनवणाऱ्यानं दिलेला आणि चिप बनवणाऱ्यानं दिलेला असे तीन वेगवेगळे ड्रायव्हर एकाच कार्डाला मिळू शकतात आणि तिघांचं वागणं वेगळं असतं. दुखणं अमुक तारखेपासून सुरू झालं असं कुणी ठामपणे सांगितलं, तर त्या तारखेचे अपडेट आधी बघावेत.

आता हवेतलं दुखणं. केबिनमधल्या त्या साठ सेकंदांचं कारण ऐकलं की हसू येतं. वायफाय कार्डाला एका वेळी एकाच चॅनेलवर कान लावता येतो. आजूबाजूला आणखी कोणती नेटवर्कं आहेत हे बघायचं झालं, तर त्याला आपलं चॅनेल सोडून बाकीच्या चॅनेलांवर चक्कर मारावी लागते. जाताना ते राउटरला सांगून जातं, की 'मी झोपतोय, माझं काही आलं तर ठेवून दे.' झोपत नाही, शेजाऱ्यांच्या दारांना कान लावायला जातं. राउटर बिचारा सामान सांभाळत बसतो. राउटर आपली हजेरी साधारण दर 102.4 मिलिसेकंदांनी देतो, आणि 5 गिगाहर्ट्झमधल्या काही चॅनेलांवर रडारला त्रास होऊ नये म्हणून कार्डाला आधी बोलता येत नाही, नुसतं ऐकत थांबावं लागतं. म्हणजे अशा प्रत्येक चॅनेलवर शंभरेक मिलिसेकंद. काही कार्डं मधूनमधून घरी येऊन जातात, काही एका दमात सगळी आळी फिरून येतात. चारशे दहा मिलिसेकंद तिथून येतात.

ही चक्कर कोण मारायला लावतं? कधी विंडोजची वायफाय सांभाळणारी सेवा, कधी कार्डाचं स्वतःचं 'याहून चांगला राउटर मिळतो का' हे चाळवणं, आणि बरेचदा लोकेशन. लॅपटॉपमध्ये जीपीएस सहसा नसतो. आपण कुठे आहोत हे तो आसपासच्या वायफाय राउटरांवरून ओळखतो. हवामान दाखवणारा एखादा कोपऱ्यातला डबा लोकेशन मागत राहिला, की कार्ड गावभर फिरत राहतं. शेठच्या लॅपटॉपवर लोकेशनची परवानगी काढून घेतली आणि मिनिटामिनिटाचा झटका गेला. स्वयंचलित शोधच बंद करणारी एक कमांडही आहे, इंटरनेटवर खेळणारी पोरं ती एकमेकांना देत असतात. तिचा उपयोग होतो, पण ती विसरली की लॅपटॉपला दुसऱ्या ठिकाणी कुठलंच नेटवर्क सापडत नाही आणि मग 'कार्ड मेलं' अशी नवी तक्रार येते.

ॲपलच्या लॅपटॉपवर हीच खोड वेगळ्या नावानं भेटते. एअरड्रॉपसाठी कार्ड ठरावीक चॅनेलांवर शेजारच्या ॲपल उपकरणांची विचारपूस करायला जातं आणि पिंगमध्ये दातेरी करवतीसारखी रेघ उमटते.

झोपेचं नाटक करणारं कार्ड पाहिलं, आता खरोखर झोपणारं. बॅटरी वाचवायला कार्ड डुलक्या घेतं आणि राउटरच्या हजेरीच्या वेळी डोळे किलकिले करून विचारतं, माझं काही आहे का? त्यामुळे उत्तर शंभर, कधी दोनशे-तीनशे मिलिसेकंद उशिरा पोचतं. याची खूण मजेशीर असते: काम कमी असताना पिंग वाईट आणि मोठी फाइल उतरवायला लावली की पिंग सुधारतो! कारण काम असताना झोपायला वेळच मिळत नाही. चार्जर लावला की बरं वाटतं आणि काढला की पुन्हा, हीदेखील त्याचीच खूण. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये वायरलेस ॲडॅप्टरसाठी 'जास्तीत जास्त कामगिरी' असा पर्याय असतो, पण नव्या धाटणीच्या अनेक लॅपटॉपांत तो डोळ्यांआड केलेला असतो. लिनक्सवाल्यांना पॉवर सेव्ह एका ओळीत बंद करता येतं. तिथे मीडियाटेकच्या 7921 या कार्डाबाबत एक माहितीतला उपाय आहे: कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या पीसीआय एक्स्प्रेस जोडणीची झोप बंद करायची. तिथे झोपतो तो रेडिओ नव्हे, रेडिओकडे जाणारा जिना.

इथवर दोष लॅपटॉपचा. पण अंबडला येऊन फक्त लॅपटॉपवर बोट ठेवता येत नाही. वसाहतीला लागून सिडकोची वस्ती आहे. सिडकोनं नाशकात सहा योजना उभारल्या, घरं एकमेकांना पाठ लावून, भिंत सामाईक. पूर्वी शेजारच्या कुकरची शिट्टी मोजता यायची, आता शेजारचा राउटर भिंतीतून डोकावतो. रात्री नऊला एका रो-हाऊसमध्ये वायफायची यादी उघडली तर नावं एका पडद्यात मावली नाहीत. 2.4 गिगाहर्ट्झमध्ये भारतात तेरा चॅनेलं असली तरी एकमेकांवर न चढणारी जेमतेम तीन: 1, 6 आणि 11. वायफायचा नियम असा, की आधी ऐका, कुणी बोलत नसेल तर बोला, दोघं एकदम बोलले तर थोडं थांबून पुन्हा. याची मुळं 1971 साली हवाई बेटांवर सुरू झालेल्या अलोहा या रेडिओ नेटवर्कपर्यंत जातात. तिथे बेटं दूर दूर होती. उत्तमनगर आणि पवननगर तशी नाहीत. त्यामुळे रात्री आठ ते अकरा येणारा आणि पहाटे गायब होणारा झटका असेल, तर कार्ड बदलायला पैसे घालू नयेत, 5 गिगाहर्ट्झवर जावं. या पट्ट्यात भारतानं ऑक्टोबर 2018 मध्ये एकूण 605 मेगाहर्ट्झ जागा विनापरवाना मोकळी केली, तिथे अजून बरीच ऐसपैस हवा आहे. भिंत ओलांडताना हा पट्टा दमतो, पण एका खोलीपुरतं ते वरदानच.

गर्दीइतकाच त्रास एकटा मंद गडी देतो, आणि हे लोकांना पटवताना माझी दमछाक होते. हवा वेळेनं वाटली जाते. 1,500 बाइटचं एक पाकीट 300 एमबीपीएसनं पाठवायला 40 मायक्रोसेकंद लागतात. तेच शेडच्या टोकाच्या, सिग्नल जेमतेम पोचणाऱ्या कॅमेऱ्यानं 1 एमबीपीएसनं पाठवलं तर 12 मिलिसेकंद, म्हणजे तीनशेपट. तेवढा वेळ बाकी सगळे रांगेत. केबिनमधला लॅपटॉप नवाकोरा असून काही उपयोग नाही, रस्त्यात बैलगाडी पुढे आहे. अशा कॅमेऱ्याला वायर टाकून द्यावी.

दुसरी रांग राउटरच्या पोटात तयार होते. कुणी मोठी फाइल वर चढवायला घेतली की स्वस्तातला राउटर काहीही न टाकता सगळं साठवत जातो आणि मिटिंगचं नाजूक पाकीट त्या ढिगाच्या तळाशी सापडतं. जिम गेटिस यांनी या दुखण्याकडे लक्ष वेधून त्याला बफरब्लोट हे नाव चालवलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी 2012 मध्ये त्यावर कोडेल ही रांग छाटायची युक्ती मांडली. आज काही राउटरांत ती मिळते. याची खूण झोपेच्या बरोबर उलटी: काम नसताना सगळं छान, काम वाढलं की पिंग चढतो.

कारखान्यात मात्र पहिला संशय नेहमी वेल्डिंगवर जातो. "बाजूला फॅब्रिकेशन आहे ना, त्याची आर्क मारते नेटला." ऐकायला पटतं. पण आर्कचा आणि मोटर चालवणाऱ्या ड्राइव्हचा गोंगाट मुख्यतः वायफायपेक्षा कितीतरी खालच्या लहरींत असतो. त्यांचा त्रास होतो तो विजेच्या मार्गानं: मोठी प्रेस सुरू होताना व्होल्टेज बसतं, राउटर दचकून रीस्टार्ट होतो. तो झटका मिलिसेकंदांचा नसतो, मिनिट-दोन मिनिटांचा असतो. राउटरला छोटा यूपीएस लावला की वेल्डरची निर्दोष मुक्तता होते. खरा गुन्हेगार पुष्कळदा टेबलावरच असतो, बॅकअपची यूएसबी 3.0 हार्ड डिस्क. इंटेलनं 2012 मध्येच लिहून ठेवलंय, की या जोडणीचा गोंगाट थेट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात सांडतो. डिस्क दुसऱ्या बाजूला सरकवा, लांब वायर वापरा, वायरलेस माउससुद्धा सुधारतो. कानातलं ब्लूटूथ हीही तीच जात. लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ बहुधा एकाच कार्डावर असतात, 2.4 वर दोघांना पाळीपाळीनं बोलावं लागतं. हेडफोन लावल्यावरच मिटिंग अडखळत असेल तर उत्तर हातात आहे.

अंबडमध्ये या सगळ्याला एक खास परिमाण आहे, ते ड्रिप फीडचं. साच्याच्या कामाचे प्रोग्राम इतके लांबलचक असतात, की जुन्या मशीनच्या मेमरीत मावत नाहीत. मग पीसीवरून आरएस-232 च्या सिरियल केबलनं ओळीओळीनं पाजावे लागतात. डेटा उशिरा आला की मशीन थांबत नाही, अडखळतं. टूल क्षणभर जागेवरच फिरतं आणि जॉबच्या चकचकीत पृष्ठभागावर बारीक डाग उमटतो. पॉलिशवाला पोरगा बोट फिरवून सांगतो, इथे थांबला होता. केबलच्या जागी वायरलेस डबा लावलेल्या एका ठिकाणी हे डाग दिसले आणि दोष वायफाय कार्डाला दिला गेला. मला ते पूर्ण पटत नाही. अर्ध्या सेकंदाचा हवेतला झटका डब्यातला बफर बहुधा गिळून टाकतो. डाग नियमित अंतरावर असतील तर आधी बॉडरेट आणि सिरियल सेटिंग तपासावी. तरीही वीस तासांचा जॉब हवेवर सोडायचा हा विचारच मला झेपत नाही. मशीनला मेमरी कार्डाची सोय असेल तर प्रोग्राम त्यावर टाकून द्यावा.

लॅपटॉप उघडून वायफाय कार्ड पाहायचं ते सगळ्यात शेवटी. पुष्कळ लॅपटॉपांत ते 22 बाय 30 मिलिमीटरचं, बिस्किटाच्या तुकड्याएवढं असतं, एका स्क्रूवर बसलेलं. त्यावर काळी आणि पांढरी अशा दोन बारीक तारा टिचकन बसवलेल्या असतात. त्या पडद्याच्या कडेनं वर चढतात, अँटेना तिथे असतात. एका डिझायनरच्या लॅपटॉपमध्ये पांढरी तार सुटून पंख्याजवळ लोळत होती. महिनाभरापूर्वी कुठल्याशा दुकानात पंख्यातली लोखंडी धूळ साफ करून घेतली होती. एका अँटेनावर राउटरजवळ सगळं ठीक चालायचं, दोन खोल्या पलीकडे गेलं की पाकिटं पुन्हापुन्हा पाठवावी लागायची आणि पिंग नाचायचा. नखानं दाबलं, टिच् वाजलं, झालं. नवं कार्ड घ्यायचंच असेल तर नाव नीट वाचावं. इंटेलचं एएक्स 210 बहुतेक मशीनांत चालतं. एएक्स 211 फक्त त्याला आधार देणाऱ्या इंटेलच्या मदरबोर्डांवर, एएमडीवर ते मुकंच राहतं. दोन्ही दिसायला जुळी भावंडं. काही जुने लॅपटॉप तर आपल्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरूच होत नाहीत आणि पातळ मशीनांत कार्ड मदरबोर्डला डाग देऊन बसवलेलं असतं.

घड्याळ घेऊन बसायला वेळ नसेल तर विंडोज स्वतःच मागच्या तीन दिवसांचा वायफायचा रोजनामचा काढून देतं, कधी जोडलं, कधी तुटलं, कशानं तुटलं. तो तुटल्याची नोंद ठेवतो, अडखळल्याची नाही. म्हणून मी शेठना एक वही दिली आणि म्हटलं, आठवडाभर आवाज तुटला की वेळ लिहा.

वही घेऊन परत गेलो तेव्हा मिनिटामिनिटाचा झटका नोंदीत नव्हता. पण सहाही दिवशी दुपारी साडेतीन ते चारच्या मध्ये दोन-तीन नोंदी होत्या. सकाळची पाळी सुटते आणि दुसरी लागते ती वेळ. दोन्ही पाळ्यांची पोरं एकदम शेडमध्ये, सगळ्यांच्या हातात मोबाइल. "पण आमचं वायफाय तर लॉक आहे," शेठ म्हणाले. केबिनच्या काचेतून मी बाहेर पाहिलं. पांढऱ्या बोर्डावर त्या दिवसाचं प्रॉडक्शन टार्गेट होतं आणि त्याच्याखाली निळ्या मार्करनं, ठळक अक्षरांत, पासवर्ड.